लेकुरवाळ्या भाडेकरूंचे बंड : ग्लासगो, १९१५

१/२४
घरभाडे नियंत्रणाचा विषय निघाला की महाराष्ट्रात चर्चा ठरावीक वळणे घेते. मोडकळीस आलेल्या पागडीच्या इमारती, नाममात्र भाड्यात दक्षिण मुंबईत राहणारी कुटुंबे, हतबल घरमालक. हा कायदा मुळात कोणी, कोठे आणि कशासाठी मागितला, हा प्रश्न त्या चर्चेत सहसा येत नाही. ब्रिटनमध्ये शहरी घरभाड्यावर पहिला सर्वसाधारण लगाम १९१५ साली बसला. तो बसवणाऱ्यांत आघाडीवर होत्या स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या कामगार वस्त्यांतील लेकुरवाळ्या स्त्रिया. हा थ्रेड त्यांच्याविषयी आहे, आणि त्यांचे श्रेय परस्पर इतरांच्या खात्यावर जमा करणाऱ्या तीन लोकप्रिय समजुतींच्या विरोधात आहे.

२/२४
पहिली समजूत : महायुद्धाच्या काळात सरकारने उदार होऊन भाडेकरूंना संरक्षण दिले. दुसरी : खरी ताकद जहाजबांधणी कामगारांची होती, स्त्रियांनी त्यांना साथ दिली. तिसरी : भाडेनियंत्रण हा भावनेच्या भरात केलेला आर्थिक अडाणीपणा होता आणि त्यानेच शहरांतील घरे नासवली. तिन्ही समजुतींच्या नजरेतून एकच गोष्ट निसटते. पदरी लहान मुले असलेला भाडेकरू घरमालकाशी बरोबरीने सौदा करू शकत नाही, कारण सौदा मोडून निघून जाण्याची सोय त्याला नसते. ग्लासगोच्या आयांनी नेमकी ही दुबळी बाजू शस्त्र म्हणून उचलली.

३/२४
आधी शहर पाहू. क्लाइड नदीच्या काठी गोव्हन, पार्टिक अशा वस्त्या होत्या. जहाजांच्या गोद्या आणि अवजड यंत्रांचे कारखाने यांच्याभोवती तीन-चार मजली दगडी टेनमेंट इमारती दाटीने उभ्या होत्या. एका खोलीच्या घराला तेथे ‘सिंगल एंड’ म्हणत. स्वयंपाक, झोप, बाळंतपण, आजारपण आणि मृत्यू, सगळे त्याच खोलीत. भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला पलंग, जिन्यावर अनेक कुटुंबांत मिळून एक शौचकूप. गिरणगावातील चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक वर्णनाची गरज नाही. १९११च्या जनगणनेच्या वेळी ग्लासगोची निम्म्याहून अधिक लोकसंख्या एका किंवा दोन खोल्यांच्या घरांत राहत होती.

४/२४
या घरांवर सरकारची नजर नव्हती असे मुळीच नाही. १८६२च्या कायद्याने लहान घरांच्या दारावर धातूची पट्टी ठोकण्याची पद्धत सुरू झाली. खोलीत किती घनफूट हवा आहे आणि त्यानुसार किती माणसे झोपू शकतात, हे त्या पट्टीवर लिहिलेले असे. प्रौढ माणसामागे ३०० घनफूट, आठ वर्षांखालील मुलामागे १५०. निरीक्षक मध्यरात्री दार ठोठावून झोपलेली डोकी मोजत. हवेच्या हिशेबात मूल अर्धे धरले जात होते. भाड्याच्या आणि घराबाहेर काढण्याच्या हिशेबात ते अर्धेही धरले जात नव्हते. कायद्याला मूल दिसत होते ते फक्त गर्दीचा भाग म्हणून.

५/२४
या दाटीची किंमत कोण मोजत होते, याची नोंद शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यानेच करून ठेवली आहे. डॉ. जे. बी. रसेल यांनी १८८८ साली एका खोलीतल्या जीवनावर व्याख्यान दिले. पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ग्लासगोत जी मुले दगावत, त्यांपैकी ३२ टक्के एका खोलीच्या घरात दगावत. पाच किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हे प्रमाण दोन टक्केही नव्हते. म्हणजे घर किती खोल्यांचे, हा प्रश्न ग्लासगोच्या आईसाठी ऐषआरामाचा कधीच नव्हता. भाडे वाढले की कुटुंब दोन खोल्यांतून एका खोलीत येई, आणि एका खोलीत येणे म्हणजे काय, हे आरोग्य खात्याच्या आकड्यांत लिहिलेले होते.

६/२४
घरमालक स्वतः भाडेकरूच्या दारात क्वचितच येई. त्याचा कारभार ‘फॅक्टर’ नावाचा व्यावसायिक कारभारी पाही. भाडे वसूल करणे, नोटीस देणे, कोर्टात जाणे, हे सारे त्याचेच काम. नवे घर हवे असेल तर जुन्या फॅक्टरची शिफारसचिठ्ठी लागे. थकबाकी राहिली, वाद झाला, तर चिठ्ठी मिळत नसे, आणि चिठ्ठीविना चांगल्या इमारतीचे दार उघडत नसे. शिवाय ‘हायपोथेक’ नावाच्या जुन्या स्कॉटिश हक्कानुसार थकलेल्या भाड्यापोटी घरमालक भाडेकरूच्या सामानावर जप्ती आणू शकत असे. घरातील टेबल-खुर्च्यांचा लिलाव मुलांच्या डोळ्यांदेखत होई.

७/२४
आता त्या काळचा राजमान्य सिद्धांत आठवावा. घरमालक आणि भाडेकरू हे दोन स्वतंत्र पक्ष. भाडे पटले तर राहा, न पटले तर दुसरे घर शोधा. हा सिद्धांत एकट्या धडधाकट माणसाला कदाचित लागू पडेल. चार मुलांच्या आईला तो लागू पडत नाही. तिची मुले जवळच्या शाळेत जातात. नवऱ्याची गोदी पायी जाण्याच्या अंतरावर असते. उधारी देणारा दुकानदार याच गल्लीत असतो, आणि तापाने फणफणलेल्या मुलाजवळ घटकाभर बसणारी शेजारीण याच जिन्यावर असते. घर सोडणे म्हणजे हे सगळे एकाच दिवशी गमावणे. तिने वाढीव भाड्याला दिलेला होकार हा होकार नव्हता. मुलांना ओलीस ठेवून काढलेली ती खंडणी होती.

८/२४
ऑगस्ट १९१४मध्ये महायुद्ध सुरू झाले. क्लाइडच्या गोद्यांना आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांना माणसे हवी होती. हजारो कामगार शहरात आले. युद्धापूर्वीच नव्या घरांचे बांधकाम मंदावले होते, आता ते जवळपास थांबले. गोव्हन आणि पार्टिकमध्ये रिकामे घर मिळेनासे झाले. फॅक्टरांनी बाजाराचा हा कल ओळखला आणि भाडी वाढवली. याच घरांतील पुरुष एकतर फ्रान्समधील खंदकांत होते किंवा गोदीत दिवसरात्र राबत होते. भाडेवाढीची नोटीस ज्या हाताने स्वीकारली तो हात बहुतेक वेळा आईचा होता.

९/२४
१९१४ सालीच ‘ग्लासगो विमेन्स हाउसिंग असोसिएशन’ ही संघटना उभी राहिली होती. मेरी लेअर्ड तिच्या अध्यक्ष. हेलन क्रॉफर्ड, ॲग्नेस डोलन, जीन फर्ग्युसन या आघाडीच्या कार्यकर्त्या. गोव्हनमध्ये नेतृत्व आले मेरी बार्बर यांच्याकडे. जन्म १८७५, किलबर्कन गावी, वडील गालिचे विणणारे. त्यांनी स्वतः सूतगिरणीत आणि गालिच्यांच्या छपाईत काम केले होते. १८९६मध्ये डेव्हिड बार्बर या इंजिनिअरिंग कामगाराशी विवाह झाला. पहिले मूल वर्षाच्या आत मेंदूज्वराने गेले. पुढे दोन मुलगे झाले. सहकारी चळवळीच्या महिला मंडळात त्यांनी संघटनेचे धडे घेतले. संसदेसाठी मत देण्याचा अधिकार यांपैकी एकीलाही नव्हता.

१०/२४
१९१५च्या वसंतात गोव्हनमध्ये लढा पेटला. पद्धत साधी होती आणि म्हणूनच मोडायला अवघड. वाढीव भाडे द्यायचे नाही. घर सोडायचे नाही. खिडकीच्या काचेवर छापील फलक लावायचा : भाडेवाढीविरुद्ध संप आहे, येथून कोणी हलणार नाही. या फलकात फार मोठा उलटफेर आहे. आजवर ‘ही हलू शकत नाही’ या भरवशावर फॅक्टर भाडे वाढवत होता. आता तीच आई ‘मी हलणार नाही’ असे जाहीरपणे लिहून खिडकीत लावत होती. परिस्थितीने जखडलेले पाय तिने निर्धाराने रोवले. आणि एका खिडकीतला फलक पाहून समोरच्या खिडकीत दुसरा लागत होता.

११/२४
घर रिकामे करून घ्यायला कोर्टाचे बेलीफ येत. त्यासाठी स्त्रियांनी पहाऱ्याची व्यवस्था केली. इमारतीत शिरण्याचा सामाईक बोळ असे, तेथे एक जण घंटा घेऊन बसे. बेलीफ दिसला की घंटा वाजे. हातातले लाटणे, धुणे, रडणारे मूल, जे असेल ते तसेच घेऊन बायका धावत येत. पिठाच्या पुड्या, ओले कपडे, हाताला लागेल ते बेलीफाच्या अंगावर पडे. जिना माणसांनी असा भरून जाई की वर जाणे अशक्य होई. या प्रसंगांचे वर्णन बहुधा गमतीदार किस्सा म्हणून केले जाते. त्यातली शिस्त मात्र कोणी सांगत नाही. रोज, महिनोन्महिने, पाळीपाळीने कोणीतरी त्या बोळात बसत होते.

१२/२४
जून १९१५मध्ये शेटलस्टन भागात एका सैनिकाच्या कुटुंबावर घर सोडण्याची पाळी आली. बाप फ्रान्समध्ये जखमी झालेला, घरात आई आणि मुले, आणि थकबाकी अगदी किरकोळ. नगरसेवक जॉन व्हीटली यांनी तेथे सभा घेतली. जमाव इतका मोठा जमला की बेलीफांना कारवाई करता आली नाही. फॅक्टरचा पुतळा जाळण्यात आला. या घटनेने देशभक्तीच्या भाषेची कोंडी केली. ज्या देशासाठी बाप रक्त सांडत होता, त्याच देशाच्या कोर्टाचा हुकूम त्याच्या मुलांना रस्त्यावर काढत होता. ऑक्टोबरमधील मोर्च्यांत मुलांच्या हातांतील फलक हाच प्रश्न विचारत होते : बाप परक्या शत्रूशी लढतो आहे, मग घरच्या शत्रूशी कोणी लढायचे?

१३/२४
फॅक्टरांनी फोडाफोडीही करून पाहिली. हेलन क्रॉफर्ड यांच्या आठवणींत गोव्हनमधली एक घटना आहे. एका फॅक्टरने स्त्रियांना एकेकट्या गाठून सांगितले की इतर सर्वांनी वाढीव भाडे भरले आहे. अनेकींनी घाबरून पैसे दिले. हे खोटे आहे हे कळताच मेरी बार्बर यांनी गोदीतल्या पुरुषांना काम सोडून बाहेर बोलावले आणि हजारोंच्या जमावासह फॅक्टरच्या कचेरीवर धडक दिली. खिडकीबाहेर उभे असलेले कामगार पाहताच फॅक्टरने पैसे परत केले. या प्रसंगी कोण कोणाच्या मागे उभे होते, हे नीट ध्यानात ठेवावे. पुढे दुसऱ्या समजुतीचा समाचार घेताना त्याची गरज पडेल.

१४/२४
आता पहिली समजूत : सरकारची उदारता. वसंत गेला, उन्हाळा गेला, सरकारने काही केले नाही. शरद ऋतूत संप गोव्हनपलीकडे शहरभर पसरला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडचे मंत्री मॅकिनन वुड यांनी लॉर्ड हंटर आणि प्राध्यापक स्कॉट यांची चौकशी समिती नेमली. समिती नेमणे म्हणजे वेळ काढणे, हे त्या काळच्या स्त्रियांनाही कळत होते. ७ ऑक्टोबरला त्या मुलांसह शहराच्या मध्यभागी मोर्चा घेऊन गेल्या. नोव्हेंबरपर्यंत संपावर असलेल्या भाडेकरूंची संख्या सुमारे २०,००० झाली. उदार सरकारला वीस हजार नकारांची वाट पाहावी लागत नाही.

१५/२४
१७ नोव्हेंबर १९१५. एका फॅक्टरने अठरा भाडेकरूंना लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात खेचले. थकीत वाढ थेट पगारातून कापून घ्यावी, ही मागणी. त्या दिवशी गोव्हनची फेअरफील्ड गोदी, डलम्यूर आणि इतर कारखान्यांतले कामगार हत्यारे खाली ठेवून निघाले. वाटेत स्त्रिया आणि मुले सामील होत गेली. कोर्टासमोर दहा हजारांहून अधिक माणसे जमली. जॉन मॅक्लीन, विली गॅलाहर यांसारख्या वक्त्यांची भाषणे झाली. निकाल भाडेकरूंविरुद्ध गेला तर क्लाइडकाठचे युद्धउत्पादन बंद पडेल, असा स्पष्ट इशारा दिला गेला. दावे मागे घेण्यात आले.

१६/२४
येथेच दुसरी समजूत जन्म घेते : निर्णायक घाव पुरुषांचा. कारखाने बंद पडण्याची धमकी निर्णायक होती, हे मान्यच करायला हवे. परंतु एक साधा प्रश्न विचारावा. फॅक्टर पगारकपातीच्या कोर्टात गेलाच का? घर रिकामे करून घेणे हा त्याचा नेहमीचा आणि अधिक भेदक मार्ग होता. तो मार्ग सहा महिन्यांत आयांनी बंद करून टाकला होता. जिन्यावर बेलीफ चढू शकत नव्हता, म्हणून फॅक्टरला गोदीतल्या पगाराकडे वळावे लागले. पगाराला हात घालताच गोदी पेटली. १७ नोव्हेंबरचा दिवस बोळातल्या घंटेने घडवला होता.

१७/२४
आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या दारूगोळा कायद्याने युद्धसामग्रीच्या कारखान्यांतला संप बेकायदा ठरवला होता. कामगाराला मालक बदलणेही अवघड केले होते. अशा वेळी पगारासाठी संप करणाऱ्यांवर देशद्रोहाचा शिक्का मारणे सोपे होते. सैनिकांच्या मुलांना घराबाहेर काढू नका, या मागणीवर तो शिक्का बसत नव्हता. पुरुषांच्या संपाला नैतिक बळ मिळाले ते आयांच्या लढ्यातून. ‘साथ दिली’ हे क्रियापद वापरायचेच असेल तर त्याचा कर्ता पुरुष असायला हवा.

१८/२४
नोव्हेंबरअखेर वॉल्टर लाँग यांनी संसदेत विधेयक मांडले आणि २३ डिसेंबर १९१५ रोजी त्याचा कायदा झाला. लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४च्या पातळीवर गोठली. मर्यादा होती लंडनमध्ये वार्षिक ३५ पौंड, स्कॉटलंडमध्ये ३० आणि इतरत्र २६. ठरलेले भाडे भरणाऱ्या भाडेकरूला काही नेमके अपवाद वगळता घराबाहेर काढता येणार नव्हते. अनेक घरमालक स्वतः कर्जाच्या व्याजाखाली दबलेले आहेत, हा आक्षेपही खरा होता. म्हणून कायद्याने गहाणकर्जाच्या व्याजदरालाही लगाम घातला. ‘आर्थिक अडाणीपणा’ म्हणून ज्याची हेटाळणी होते त्या कायद्यात साखळीच्या दोन्ही टोकांचा विचार होता.

१९/२४
कायद्याच्या मजकुरात आई किंवा मूल हे शब्द शोधून उपयोग नाही. परंतु घरभाडे हा दोन खासगी पक्षांचा मामला आहे, त्यात राज्याने पडू नये, ही भिंत त्या दिवशी कोसळली. भाडे भरणाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसावे, हे तत्त्व कायद्यात शिरले. पुढे मेरी बार्बर १९२० साली ग्लासगोच्या नगरसेविका झाल्या. त्यांचे निधन १९५८ साली झाले. गोव्हनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला तो लोकवर्गणीतून, ८ मार्च २०१८ रोजी. १९१५चे दारूगोळामंत्री लॉइड जॉर्ज मात्र लंडनच्या संसद चौकात २००७पासून ब्राँझमध्ये उभे आहेत. श्रेय परस्पर दुसऱ्या खात्यावर कसे जमा होते, याचे हे पुरेसे उदाहरण.

२०/२४
आता तिसरी समजूत, आणि तिच्यासाठी मुंबईत येणे भाग आहे. १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. त्याच्या नावातच ‘युद्धकालीन निर्बंध’ हे १९१५च्या ब्रिटिश कायद्याचे शब्द आहेत. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली आणि ती दशकानुदशके जवळपास तशीच राहिली. दुरुस्ती परवडेना, इमारती खचल्या, १९६९मध्ये दुरुस्ती मंडळ नेमावे लागले, ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द मुंबईच्या बोलीत आला. गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७मध्ये म्हटले. हे सारे खरे आहे.

२१/२४
परंतु याचा दोष ग्लासगोच्या आयांच्या माथी मारणे हा इतिहासाचा विपर्यास आहे. त्यांच्या संघटनेच्या नावात ‘भाडे’ नव्हते, ‘हाउसिंग’ होते. वाढ थांबवा ही तातडीची मागणी, सार्वजनिक पैशाने चांगली घरे बांधा ही मूळ मागणी. ब्रिटनमध्ये १९१९च्या कायद्याने नगरपालिकांना घरबांधणीसाठी सरकारी पैसा मिळाला. शेटलस्टनच्या सभेतले तेच जॉन व्हीटली १९२४मध्ये मंत्री झाले आणि त्यांच्या कायद्याखाली सुमारे पाच लाख घरे उभी राहिली. भाडेनियंत्रण हे कोसळता जिना तात्पुरता टेकू लावून धरण्यासारखे होते. टेकूच्या भरवशावर पन्नास वर्षे काढणाऱ्यांनी टेकूला दोष देऊ नये.

२२/२४
मुंबईत टेकू लागला, पण जिना अर्धवट राहिला. १९२०मध्ये स्थापन झालेल्या विकास विभागाने, म्हणजे बीडीडीने, कामगारांसाठी ५०,००० खोल्यांचा बेत आखला होता. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून उभ्या राहिल्या सुमारे १६,०००. त्यांतल्याही बऱ्याच खोल्या सुरुवातीची काही वर्षे रिकाम्या पडून होत्या, कारण भाडे कामगाराला परवडत नव्हते. दोषाचे वाटप करायचेच असेल तर ते भाडे गोठवणारे आणि घरे न बांधणारे शासन यांच्यापासून सुरू व्हावे. घरातून न हललेल्या आईपासून नव्हे.

२३/२४
१९४७च्या कायद्यात आणि आजच्या १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात एक तरतूद आहे. घरमालकाला स्वतःसाठी घर हवे असले तरी न्यायालयाने पाहायचे की अधिक हाल कोणाचे होतील, मालकाचे की भाडेकरूचे. या प्रश्नातून आईची परिस्थिती आणि मुलाची शाळा न्यायालयात प्रवेश करू शकतात. मात्र पुण्या-मुंबईत आज भाड्याने राहणारी बहुतेक तरुण कुटुंबे ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. त्यांना कलम २४ लागू होते. मुदत संपली की ताबा द्यायचा, नाही दिला तर दुप्पट रक्कम भरायची. अधिक हाल कोणाचे, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही. शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांसाठी भाड्याने राहणारे पालक निवासाचा पुरावा म्हणून जो नोंदणीकृत भाडेकरार दाखवतात, तोही याच अकरा महिन्यांचा कागद असतो.

२४/२४
१८६२चा ग्लासगो हवेच्या हिशेबात मूल अर्धे धरत होता. आजचा अकरा महिन्यांचा करार ते शून्य धरतो. घरमालकाचा ताब्याचा हक्क नाकारण्याचे कारण नाही, आणि १९४०चे भाडे पुन्हा आणण्याचीही कोणी मागणी करत नाही. मागणी याहून कितीतरी लहान आहे. ठरलेली रक्कम वेळेवर भरणाऱ्या, शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाकडून शालेय वर्ष संपण्यापूर्वी ताबा घेऊ नये, आणि ताब्याच्या प्रत्येक अर्जात अधिक हाल कोणाचे हा प्रश्न विचारला जावा. ही मागणी अव्यवहार्य आहे असे उत्तर मिळेल. १९१५च्या उन्हाळ्यात गोव्हनमधल्या स्त्रियांनाही तेच उत्तर मिळाले होते, आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला होता.
(थ्रेड समाप्त)